जुन्या ट्रॅक्टरचे गेलेले आटे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे आट्यांच्या दुरुस्तीची आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोल्ट, नट आणि स्टड (डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा) पुन्हा विकत मिळतात किंवा लेथवर करून घेता येतात, पण ज्या ओतीव भागात ते बसतात तो ब्लॉक, हेड किंवा गिअरबॉक्सचे कवच तसे मिळत नाही. त्यामुळे दोहोंपैकी एकाचे नुकसान होणारच असेल, तर ते बोल्टचे होऊ द्यावे आणि बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागातून गरजेपेक्षा एक कणही जास्त धातू काढू नये.

प्रश्न : वॉटर पंपाचा एक बोल्ट हरवला म्हणून त्याच जाडीचा नवा आणला. तो हाताने दोन फेरे सहज बसतो आणि मग अडकतो. पान्याने जोर लावून बसवला तर चालेल का? की भोकात टॅप (आतले आटे पाडणारे अवजार) फिरवून आटे साफ करावेत?

उत्तर : पाना बाजूला ठेवा, आणि टॅपलाही अजून हात लावू नका. दोन फेरे बसून अडकणारा बोल्ट बहुतेक वेळा वेगळ्या पद्धतीच्या आट्यांचा असतो. अशा बोल्टला पान्याने जोर लावला की तो स्वतःचे आटे बिडात कोरत जातो. वरवर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण आतले मूळ आटे तेवढ्यात फाटलेले असतात.

जुन्या ट्रॅक्टरवर हा घोटाळा होण्याचे कारण त्यांच्या काळात आहे. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे जे प्रमाण मांडले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असून त्याचे माथे आणि तळ गोलसर असतात. पुढे १९४८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांनी ६० अंशांचे एकत्रित प्रमाण मान्य केले. जाड आट्यांचे यूएनसी आणि बारीक आट्यांचे यूएनएफ हे दोन प्रकार त्यातलेच आहेत. मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे, पण त्यांची जाडी आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) मिलिमीटरमध्ये मोजतात. जुने प्रमाण मागे पडून नवे येत होते त्या वर्षांत बनलेल्या यंत्रांवर एकाच इंजिनात दोन पद्धतींचे बोल्ट सापडू शकतात. त्यातच नंतरच्या मालकांनी हाताला येईल तो बोल्ट बसवलेला असतो, त्यामुळे ट्रॅक्टर कोणत्या देशाचा आहे एवढ्यावरून आटे ठरवू नयेत.

ओळखण्यासाठी व्हर्निअर कॅलिपर आणि पिच गेज (निरनिराळ्या पिचच्या दातेरी पात्यांचा संच) ही दोन साधने पुरतात. शेजारचा मूळ बोल्ट काढा, तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, आट्यांच्या माथ्यावरची जाडी मोजा आणि पिच गेजची पाती एकेक करून लावून पाहा. बोल्ट आणि पाते उजेडासमोर धरल्यावर दोहोंमधून प्रकाश येता कामा नये. बोल्टच्या एखाद-दुसऱ्या आट्यावर पाते जुळले तर त्यावर विश्वास ठेवू नका, संपूर्ण लांबीवर ते जुळले पाहिजे. फसगत कुठे होते ते आकड्यांवरून कळेल. ५/१६ इंची बोल्टची जाडी ७.९४ मिमी असते, म्हणजे ८ मिमीच्या मेट्रिक बोल्टच्या अगदी जवळ. पण ५/१६ यूएनसीमध्ये एका इंचात १८ आटे येतात, तर १.२५ मिमी पिचच्या एम ८ बोल्टमध्ये २० पेक्षा किंचित अधिक येतात. तुमच्या बोल्टसारखा दोन फेऱ्यांनंतरचा अडथळा इथेच निर्माण होतो. बारीक आट्यांतही तीच गत आहे : ३/८ इंची बीएसएफ (व्हिटवर्थ कोनाचे बारीक ब्रिटिश आटे) बोल्टवर इंचाला २० आटे, तर त्याच जाडीच्या यूएनएफवर २४.

बीएसडब्ल्यू (व्हिटवर्थचे जाड ब्रिटिश आटे) आणि यूएनसी यांची जोडी याहून फसवी आहे. १/४, ५/१६, ३/८ आणि ७/१६ इंच या मापांत दोहोंचे इंचाला येणारे आटे सारखेच असतात, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात शेवटपर्यंत जातोसुद्धा; मात्र कोन ५ अंशांनी वेगळा असल्यामुळे आट्याची पूर्ण बाजू टेकत नाही आणि भार थोड्याच जागेवर येतो. पंपाच्या झाकणासारख्या हलक्या जागी हे निभावते, पण हेड, बेअरिंगच्या कॅप किंवा ब्रेक अशा ठिकाणी अशी मिसळ कधीही करू नये. १/२ इंचाला मात्र बीएसडब्ल्यूचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असल्याने तिथे चूक लगेच कळते.

आता टॅपविषयी. भोकात केवळ गंज आणि जुना रंग असेल तर आटे कापणारा टॅप वापरू नये, कारण झिजलेल्या पण चांगल्या आट्यांवरूनही तो धातूची एक पापडी काढून घेतो आणि बोल्ट पूर्वीपेक्षा सैल बसतो. त्याऐवजी त्याच मापाचा जुना चांगला बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांवर करवतीने लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडा आणि खाचांच्या कडांचा बर (उभा राहिलेला धारदार कंगोरा) बारीक कानशीने काढून टाका. हा बोल्ट रॉकेलात बुडवून भोकात हाताने फिरवला की खाचांमध्ये घाण गोळा होते आणि आट्यांना धक्का लागत नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनी तो बाहेर काढून पुसावा.

प्रश्न : सिलिंडर हेड आवळताना एक स्टड ब्लॉकमधून वर येऊ लागला. काढून पाहिला तर त्याच्या आट्यांमध्ये बिडाची भुकटी भरली होती. स्टड ७/१६ इंची, जाड आट्यांचा आहे. कोणी म्हणतो तारेची स्प्रिंग बसवा, कोणी म्हणतो मोठा स्टड करा, कोणी म्हणतो वेल्डिंग करा. काय करावे?

उत्तर : वेल्डिंग प्रथम बाद करा. बिडात कार्बन भरपूर असल्यामुळे एकाच जागी उष्णता देऊन ती झपाट्याने निवू दिली की वेल्डच्या कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो, त्यात ड्रिल नीट चालत नाही आणि शेजारच्या वॉटर जॅकेटपर्यंत (ब्लॉकमधल्या थंड पाण्याच्या पोकळीपर्यंत) तडा जाण्याचा धोका राहतो. संपूर्ण ब्लॉक तापवून आणि हळूहळू निववून हे काम करणारे कारागीर आहेत, परंतु एका स्टडसाठी तेवढा घाट घालण्याची गरज नाही.

उरलेले दोन मार्ग दोन्ही चांगले आहेत. त्यांतला कोणता निवडावा हे भोकाभोवती किती बीड शिल्लक आहे त्यावर ठरते, आणि नेमके हेच अनेकदा मोजले जात नाही. तारेची स्प्रिंग म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा छेद असलेल्या स्टेनलेस तारेची गुंडाळी. ती बसवण्यासाठी तिच्या खास टॅपने मोठे आटे पाडावे लागतात. ७/१६ इंच, १४ आट्यांच्या स्प्रिंगसाठी हे नवे आटे बाहेरून सुमारे १३.५ मिमीपर्यंत जातात. याउलट भोक १/२ इंच यूएनसीला वाढवून खालचा भाग १/२ इंची आणि वरचा भाग मूळ ७/१६ इंची असा पायरीचा स्टड लेथवर करून घेतला, तर बाहेरचा व्यास १२.७ मिमीवरच थांबतो. म्हणजे मोठा स्टड केल्याने बीड जास्त जाते ही सर्रास समजूत या मापात चुकीची आहे. भिंत पातळ असेल तर पायरीचा स्टडच ब्लॉकवर दया करणारा ठरतो. वरचे माप तेच राहत असल्याने हेडचे भोक, गॅस्केट आणि नट यांत काहीही बदलावे लागत नाही. भरीव भिंतीची पोलादी बुशे सर्वांत मजबूत असतात खरी, पण त्यांना स्प्रिंगपेक्षाही मोठे भोक लागते, म्हणून भोवती भरपूर बीड असेल तरच त्यांचा विचार करावा.

भिंत जाड असेल आणि लेथची सोय नसेल, तर स्प्रिंग निःशंकपणे बसवा. ती दुय्यम दर्जाची मलमपट्टी आहे असे समजू नका. मोकळ्या स्थितीत तिचा व्यास भोकापेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे आत गेल्यावर ती बाहेरच्या बाजूला दाबून धरते, आणि स्टडला झिजलेल्या बिडाऐवजी पोलादी आटे मिळतात. नीट बसलेल्या स्प्रिंगची पकड मूळ बिडाच्या आट्यांपेक्षा कमी नसते.

दोन्ही पद्धतींत यश ड्रिल सरळ जाण्यावर अवलंबून आहे. हातातल्या ड्रिलने डोळ्यांच्या अंदाजाने भोक वाढवू नका. जाड पोलादी पट्टीत ड्रिल मशिनवर काटकोनात भोक पाडून घ्या, ती पट्टी शेजारच्या दोन स्टडांवर नटांनी आवळा आणि तिच्या भोकातूनच ड्रिल व टॅप खाली उतरवा. पट्टीचे भोक आधी ड्रिलच्या मापाचे आणि नंतर टॅपच्या मापाचे लागेल, म्हणून दोन पट्ट्या करणे सोयीचे पडते. १/२ इंच यूएनसीसाठी ड्रिल सुमारे १०.७ मिमीचे घ्यावे. जुन्या आट्यांचा बाहेरचा व्यास ११.१ मिमी असल्यामुळे ड्रिलनंतरही भोकाच्या भिंतीवर जुन्या आट्यांची पुसट नागमोड दिसेल. तिने बिचकू नका, नवे आटे तिच्याहून खोल जातात. टॅपला भक्कम आधार मिळावा म्हणून ड्रिल याहून लहान घेण्याचा मोह मात्र टाळा. नेहमीच्या ड्रिलने आट्यांची सुमारे ७५ टक्के उंची मिळते आणि ती पुरेशी असते. त्याहून अधिक उंचीने मजबुती थोडीशीच वाढते, पण टॅप फिरवायला लागणारा जोर कितीतरी वाढून तो भोकात तुटण्याची शक्यता असते.

बिडात टॅप कोरडाही चालतो, कारण बिडातले ग्राफाइटच वंगणाचे काम करते. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवावा. बिडाचा कीस तारेसारखा लांब न निघता काळसर भुकटीच्या रूपात निघतो आणि टॅपच्या खोबणींत दाटून बसतो. हाताला टॅप जड लागू लागला की तो पूर्ण बाहेर काढून ब्रशने साफ करा. बंद भोकात प्रथम टेपर (टोकाकडे निमुळता), मग दुसरा आणि शेवटी तळापर्यंत आटे पाडणारा टॅप, या क्रमाने जावे.

आणखी तीन गोष्टी सांगितल्या नाहीत तर ही दुरुस्ती अपुरी राहील. पहिली म्हणजे भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने हलकीशी उतरण द्यावी. ओढले गेलेले आटे भोकाभोवतीचे बीड किंचित वर उचलतात, तो उंचवटा गॅस्केटला नीट बसू देत नाही आणि मग हेड पुन्हा पुन्हा आवळूनही गळती थांबत नाही. तुमच्या ब्लॉकवर सपाट पट्टी ठेवून तो उंचवटा आताच तपासा. इतर स्टडांभोवतीही तो सापडेल. दुसरी गोष्ट, भोकात तेल किंवा पाणी उरू देऊ नका. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे स्टड खाली उतरताना बंद भोकातला दाब इतका वाढतो की ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हवेने भोक साफ करताना डोळ्यांवर चष्मा हवा. तिसरी, स्टड भोकाच्या तळाला टेकवून आवळू नये. तळाशी थोडी जागा सोडून तो हाताच्या जोराने बसवावा आणि घट्टपणा वरच्या नटाने आणावा. भोक वॉटर जॅकेटमध्ये उघडत असेल तर स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट लावावे.

बिडात स्टडचे आटे त्याच्या जाडीच्या साधारण दीडपट लांबीत पकडले गेले पाहिजेत, म्हणजे १/२ इंची भागाला सुमारे १९ मिमी. आवळलेल्या सांध्यात पहिला आटा एकटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो आणि पुढचे आटे कमी कमी घेत जातात, म्हणून बिडाचे आटे तोंडाशी आधी फाटतात आणि मग एकामागून एक खाली फाटत जातात. एक स्टड वर आला असेल तर बाकीचे किती जुने आहेत याचाही विचार करा. लांबी ताणली गेलेला किंवा मध्येच बारीक झालेला प्रत्येक स्टड बदललेला बरा.

प्रश्न : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा ३/८ इंची स्टड तुटला असून बोटाच्या पेराइतका तुकडा बाहेर आहे. त्यात ड्रिल करून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढणारे अवजार) लावावा का?

उत्तर : बाहेर तुकडा आहे तोवर एक्स्ट्रॅक्टरचे नाव काढू नका. मॅनिफोल्डचा स्टड वर्षानुवर्षे तापून गंजाने भोकात धरून बसलेला असतो. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कडक पोलादाचा आणि ठिसूळ असल्याने अशा जागी तो तुटतो, आणि त्याचा अडकलेला तुकडा साध्या ड्रिलने कापला जात नाही.

बाहेरच्या तुकड्यावर एक मोठ्या भोकाचा नट ठेवून त्याच्या आतून वेल्ड भरा. यात नट चिकटण्याइतकेच महत्त्व उष्णतेला आहे : स्टड लाल होऊन फुगतो तेव्हा भोवतीचा गंज चिरडला जातो आणि निवताना तो आकसला की पकड सुटते. लाली गेल्यावर पण स्टड गरम असतानाच त्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. पातळ झालेले मेण फटीत ओढले जाते. मग पाना लावून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि नंतर सोडण्याच्या दिशेने असे पुढे-मागे हलवत न्या. नट उपटला गेला तर निराश न होता दुसरा लावा, प्रत्येक वेळच्या उष्णतेने काम थोडे पुढे गेलेले असते. हे सर्व करण्यापूर्वी डिझेलची टाकी आणि नळ्या दूर करा, बॅटरीची जोडणी काढा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

स्टड भोकाच्या तोंडाशी सपाट तुटला असता तर ड्रिलला पर्याय नव्हता. तेव्हा कानशीने वरची बाजू सपाट करून अगदी मध्यावर सेंटर पंच मारावा, ३ मिमीपासून सुरुवात करून पायरीपायरीने ७.५ मिमीपर्यंत जावे, आणि आट्यांत उरलेली पातळ पोलादी कवची टोकदार अवजाराने सोलून काढावी. ८ मिमी हे नव्या आट्यांचे ड्रिल असल्यामुळे मध्य जराही चुकला असेल तर तिथपर्यंत जाऊ नये. नवा स्टड बसवताना आट्यांना तापमान सोसणारे तांब्याचे किंवा ग्राफाइटचे ग्रीस लावा आणि नट पितळी घ्या. पितळ स्टडवर गंजून बसत नाही.

प्रश्न : पुढच्या चाकाच्या स्पिंडलवरचे (चाक ज्यावर फिरते त्या दांड्यावरचे) शेवटचे आटे हातोडीने चेपले गेले आहेत, नट चढत नाही. वेल्डने भरून लेथवर नवे आटे पाडून घेता येतील का?

उत्तर : आटे चेपले असतील, तर भरण्याची आवश्यकताच नाही, हललेला धातू जागेवर आणायचा आहे. स्पिंडलच्या टोकाची चेपून पसरलेली कडा कानशीने तिरकी उतरवा. मग त्याच पिचची थ्रेड फाइल (आट्यांच्या आकाराचे दात असलेली कानस) घेऊन ती एकाच वेळी दोन-तीन चांगल्या आट्यांवर आणि चेपलेल्या आट्यावर टेकेल अशी धरा, म्हणजे चांगले आटे तिला वळण देतात. नुसत्या बिघडलेल्या जागी घासू नका. आतल्या, बेअरिंगकडच्या बाजूचे आटे सहसा शाबूत असतात. दोन भागांत उघडणारी डाय (दांड्यावर बाहेरचे आटे पाडणारे अवजार) मिळाली तर ती त्या शाबूत आट्यांवर बंद करून बाहेरच्या दिशेने उलगडत आणावी, ती चेपलेल्या आट्यांना बरोबर जागेवर बसवते. अखेरीस नट बोटांनी फिरला पाहिजे. जुन्या नटाचे आटे ओढलेले दिसत असतील तर नवा नट घ्या, आणि स्प्लिट पिन तर प्रत्येक वेळी नवीच घालावी.

वेल्डने भरण्यास आमचा स्पष्ट नकार आहे. स्पिंडलचे पोलाद उष्णतेची प्रक्रिया केलेले असते, चाकाला बसणाऱ्या प्रत्येक धक्क्याला ते वाकण्याचा ताण सोसते, आणि वेल्डच्या कडेला तयार होणाऱ्या ठिसूळ पट्ट्यातून सुरू झालेली बारीक चीर रंगाखाली दिसत नाही. ट्रॉली ओढत असताना चाक निखळल्यावरच ती कळते. आटे खरोखरच गेले असतील तर एक माप खाली लेथवर नवे आटे पाडून त्यांना जुळणारा खास नट करून घेता येतो, मात्र टोकाचा आटे असलेला भाग तेवढा बारीक होऊ शकतो का, हे बेअरिंगकडून येणारा भार पाहून अनुभवी टर्नरने ठरवावे. चाकाच्या स्टडांबाबत हा विचारसुद्धा करू नका. त्यांचे आटे बिघडले की स्टड बदलायचा, आणि काही जुन्या ट्रॅक्टरांवर डाव्या बाजूला उलटे आटे असतात हे सोडण्याआधी तपासायचे.

प्रश्न : तेलाच्या टाकीचा ड्रेन प्लग सैल बसतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून चालेल का?

उत्तर : चालणार नाही. टेप गळती रोखते, पकड देत नाही, आणि तिचे सुटलेले धागे तेलाच्या गाळणीत जाऊन बसतात. साध्या समांतर आट्यांच्या प्लगमध्ये गळती थांबवण्याचे काम आट्यांचे नसून खालच्या तांब्याच्या वायसरचे असते, म्हणून आधी वायसर नवा घाला किंवा जुना लाल तापवून मऊ करा आणि टेकणारी बाजू सपाट आहे का पाहा. तरीही प्लग धरत नसेल तर पुढच्या मापाचा टॅप मारून मोठा प्लग बसवा. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर वर सांगितलेली तारेची स्प्रिंग उत्तम, कारण हा प्लग वारंवार काढला जातो. टॅपच्या खोबणींत घट्ट ग्रीस भरले की कीस त्यात चिकटून बाहेर येतो. तरी शेवटी थोडे पातळ तेल ओतून टाकी धुऊन काढावी आणि मगच प्लग लावावा. प्लग शंकूच्या आकाराचा असेल तर त्याचे आटे पाइपाचे आहेत : १/४ इंची बीएसपीला (ब्रिटिश पाइपाचे आटे) इंचाला १९ आणि एनपीटीला (अमेरिकी पाइपाचे आटे) १८ आटे येतात, तेव्हा प्लग आणण्यापूर्वी पिच गेज लावून पाहावे.